मुळीकांच्या विहिरीची कुंडली

पाणी कुणाचं, या प्रश्नाचं अंतिम उत्तर मानवजातीला २०४३ सालच्या मार्च महिन्यात मिळालं. ज्यावरून राजे लढले, राज्यं लवादापुढं बसली आणि असंख्य कळशा चेपल्या, तो प्रश्न एका डब्याएवढ्या पेटीनं कायमचा सोडवला.

ती पेटी घेऊन पाणीवाचक नाझनीन तांबोळी कुसरवाडीत मुळीकांच्या ओट्यावर पोचल्या, तेव्हा शालनबाई मुळीक दह्याच्या पातेल्यावरचं ताट उचलून आत बघत होत्या. दही लागलं नव्हतं. मानवजातीला थोडा वेळ ओट्यावर बसावं लागलं.

"विरजणाची वाटी कुणी खाल्ली?" शालनबाईंनी विचारलं. घरात त्यांच्याशिवाय एकच माणूस होता, तरी प्रश्न सगळ्या गावाला ऐकू जाईल असा होता.

"कुठली वाटी?" बापूराव म्हणाले. बापूराव म्हणजे त्यांचे यजमान. वय अडुसष्ट. त्यातली चव्वेचाळीस वर्षं 'कुठली' असं विचारण्यात गेलेली.

"फडताळात निराळी झाकून ठेवलेली."

"ती व्हय. मला वाटलं, उरलेलं दही हाय."

"उरलेलं नव्हतं. ठेवलेलं होतं."

"मग दुकानातनं पाकीट आणतो की."

शालनबाईंनी ताट पुन्हा पातेल्यावर ठेवलं. पाकिटातलं दही हे एव्हाना सगळ्या देशात दिसायला दही आणि स्वभावानं साबण झालेलं होतं. चाळीस दिवस टिकावं म्हणून कंपन्या ते लागल्यावर पुन्हा तापवत. त्यातले जंतू मरत आणि दही अमर होई. त्याचा चमचा दुधात घातला तर दुसऱ्या दिवशी तेच दूध मिळे. काल वाटी सापडेना म्हणून शालनबाईंनी पाकिटाचाच चमचा घातला होता, त्याचं तसंच झालं होतं. त्यामुळं सासूबाईंपासून चालत आलेलं, एका दह्यानं दुसऱ्याला दिलेलं मुळीकांचं विरजण त्या दिवशी या घरातून संपलं. त्याची नोंद कुठंही झाली नाही.

"काकू," नाझनीन म्हणाल्या, "तुमच्या विहिरीचं पाणी एक पेलाभर लागेल."

"प्यायला का तपासायला?"

"तपासायला."

"मग तपासून झालं की प्या. सगळं गाव पितंय. बोला, काय निघणार तपासून? भैरोबाच्या डोंगरातनं झरा येतोय. हे माझ्या लग्नाच्या आधीपासनं ठरलेलं हाय."

नाझनीन हसल्या. तालुक्यातल्या एकशे चार गावांत त्यांनी हे वाक्य ऐकलं होतं. डोंगर आणि देव तेवढे बदलत.

आता पेटीविषयी. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो, हे शाळेत सांगतात. त्यातले काही अणू भावंडांपेक्षा जरा वजनदार असतात, हे बहुतेकांना शाळा सुटल्यावरही कळत नाही. ढगातून वजनदार आधी गळतात, हलके मागं रेंगाळतात. म्हणून वळवाचा पाऊस निराळा, परतीचा निराळा. डोंगरमाथ्यावरचा निराळा, रानातला निराळा. आणि पाणी उघड्यावर साचून राहिलं की उलटं होतं. हलके आधी उडून जातात आणि वजनदार खाली बसून राहतात. असं उन्हात बसलेलं पाणी पुढं जमिनीत कितीही खोल गेलं तरी ते ऊन विसरत नाही. पूर्वी हे मोजायला खोलीएवढं यंत्र आणि महिनाभर धीर लागे. आता एक लेसर आणि दहा मिनिटं लागतात.

वयाचंही तसंच. पावसात ट्रिशियम नावाचा एक जड हायड्रोजन अगदी चिमूटभर असतो, आणि तो सव्वाबारा वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते पाहिलं की पाणी जमिनीखाली कधी गेलं ते कळतं. फारच जुनं असेल तर पाण्यात विरलेल्या कार्बनवरून वय काढतात, जसं जुन्या हाडांचं काढतात. थोडक्यात, पाणी कुठं पडलं, कुठं बसलं आणि कधी आत गेलं, हे सगळं पेलाभर पाणी आपणहून सांगतं. माणसांच्या बाबतीत अजून पेलाभर घेऊनही इतकं खरं बाहेर पडत नाही.

सरकारनं या अहवालाला 'उगमपत्र' म्हटलं. लोकांनी कुंडली म्हटलं. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. लग्नाच्या बायोडेटात 'विहिरीच्या पाण्याचं वय' असा रकाना आला. ज्यांचं पाणी सहा हजार वर्षांचं निघालं ती घराणी ताठ मानेनं चालू लागली. जुनं पाणी म्हणजे ज्यात गेल्या सहा हजार वर्षांत कुणी भर घातली नाही असा रांजण, तो रिकामा झाला की झाला, हे नाझनीन प्रत्येक सभेत सांगत. लोक टाळ्या वाजवत आणि मुलीकडच्यांना आकडा कळवत.

कुसरवाडीत मात्र प्रश्न वंशाचा नव्हता. प्रश्न दोन जावांचा होता.

शालनबाईंच्या सासऱ्यांनी वाटण्या केल्या त्या अत्यंत न्यायानं. थोरल्या बापूरावांना विहीर आणि तिच्या भोवतीचं रान. धाकट्या सदाशिवला वरच्या अंगाचं रान आणि त्यातला खड्डा. खड्डा म्हणजे जुनी खाण. विहीर बांधायला दगड याच खाणीतून काढला होता. पावसाळ्यात तिथं पाणी साचे, नंतर डास आणि बेडूक. एकदा म्हैस पडली, ती काढायला सगळं गाव लागलं. सासूबाईंनीही आपल्या परीनं वाटणी केली. विरजण दोन वाट्यांत घालून एकेक वाटी दोन्ही सुनांच्या हातात दिली.

"विहीर त्यांना आणि खड्डा आमाला," धाकटी जाऊ रत्नमाला पहिली काही वर्षं म्हणत असे.

"ज्याचं त्याचं नशीब," असं शालनबाई म्हणत, आणि पोहरा जरा जोरात आपटत.

कारण विहीर साधी नव्हती. तीन दुष्काळांत ती आटली नाही. एप्रिलमध्ये सगळं गाव त्यांच्या पायऱ्या उतरे. अक्षय्यतृतीयेला विहिरीची पूजा होई आणि मानाचा नारळ शालनबाईंच्या ओटीत पडे. मुलगी सासरी, मुलगा बंगळुरात. घरात बापूराव. तेव्हा बाईंना जगात कुणी ओळखत असेल तर ते विहिरीवरून. सरपंच पाच वर्षांनी बदले, विहीरवाल्या काकू बदलत नसत.

२०२१ साली रत्नमालेनं बोअर घेतलं. त्याच उन्हाळ्यात विहीर दोन परस खाली गेली. परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी उंची, तेव्हा हे थोडं नव्हतं. शालनबाईंनी पायऱ्यांवर उभं राहून, पंधरा बायकांसमोर, जावेला पाणीचोर म्हटलं. रत्नमालेनं दुसऱ्या दिवशी बोअरच्या तोंडावर फरशी ठेवली, वर तुळशीची कुंडी ठेवली, आणि बोलणं बंद केलं. बावीस वर्षं झाली. मध्यंतरी सदाशिव गेले. दिराच्या दहाव्याला शालनबाईंनी रत्नमालेच्या चुलीवर दीडशे माणसांचा स्वयंपाक केला, भांडी घासली, पण तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मीठ कुठं आहे, हेसुद्धा त्यांनी शेजारच्या बाईमार्फत विचारलं.

कुंडलीचं वाचन ग्रामसभेत करायचं असा नियम होता. शालनबाई इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या. रत्नमाला खांबाजवळ. दोघींच्या मधे गाव.

"मुळीकांची विहीर," नाझनीननं वाचलं. "पाण्याचं वय चौदा महिने."

सभेत कुजबुज झाली. शेजारच्या गावाचं पाणी चार हजार वर्षांचं होतं. चौदा महिने म्हणजे अगदीच तान्हं.

"ही चांगली गोष्ट आहे," नाझनीन म्हणाल्या. "म्हणजे दर वर्षी भरते. आता कुठून भरते ते. भैरोबाच्या डोंगराकडून, शून्य टक्के."

कुणीतरी नकळत कान पकडले.

"आपला खडक म्हणजे भाकऱ्यांची चवड समजा. लाव्हाचे थर. काळा कातळ पाणी पीत नाही. मधला मांजऱ्या खडक भेगाळलेला, त्यातून पाणी चालतं. खाली समुद्र, नदी असं काही नसतं. नुसत्या भेगा. आणि डोंगर आणि विहीर यांच्या मधे जमिनीखाली काळ्या दगडाची उभी भिंत आहे. तिकडचं पाणी भिंतीपलीकडंच राहतं."

"भैरोबानंच बांधली असंल," मागून एक म्हातारा म्हणाला. "त्याला ठाऊक कुणाला द्यायचं ते."

"सरकारी नळाच्या गळतीतून दोन टक्के," नाझनीननं पुढं वाचलं. सरपंचांनी मान ताठ केली. ग्रामपंचायतीचा विहिरीला हातभार आहे, हे त्यांना आजच कळत होतं. "ओढ्याकडून सतरा. आणि उरलेलं एक्याऐंशी टक्के पाणी उन्हात बसलेलं आहे. साचून मग मुरलेलं. अशी जागा एकच. सदाशिव मुळीक यांची खाण. दगड काढताना वरचा कातळ फुटला आणि खालचा मांजऱ्या उघडा पडला. या गावाची विहीर तिकडं आहे काकू, तुमच्याकडं फक्त तोंड आहे."

हे शेवटचं वाक्य अहवालात नव्हतं. नाझनीननं ते उत्साहाच्या भरात घातलं आणि लगेच पाण्याचा घोट घेतला.

"आणि बोअर?" कुणीतरी विचारलं. असा प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक सभेत एक असतो.

"फरशी उचलून त्याचंही तपासलं. नऊ हजार वर्षांचं पाणी. पार खालच्या थरातलं. विहिरीशी संबंध नाही."

सगळी सभा खांबाकडं वळली. रत्नमालेनं पदर सारखा केला.

"मग त्या साली विहीर खाली का गेली?" शालनबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"तेच मला कळेना," नाझनीन म्हणाल्या. "तुमच्या रानाचा वरचा कोपरा खाणीकडं उतरतो. त्याचं पाणी खाणीत जायला हवं. पण तिथं बांध चांगला छातीएवढा उंच आहे. पाणी अडतं आणि ओढ्याला निघून जातं. तुमच्या विहिरीत तुमच्या रानाचं पाणी म्हणाल तर एक थेंब नाही. बांध कधी घातला?"

बापूरावांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

सभा संपता संपता सरपंचांनी रत्नमालेला विचारलं, "वहिनी, तुमचं ते मंगल कार्यालय?"

कारण गावाला माहीत होतं. रत्नमालेच्या जावयानं 'रत्नमाला लॉन्स'चा नकाशा आणला होता. खड्डा मुरुमानं भरून वर गाड्या लावायची जागा. सोमवारपासून टिपर येणार होते.

"येणार की टिपर," रत्नमाला म्हणाली. "तीस वर्षं डासांनी मला खाल्लं. म्हैस माझी पडली. मला कुणी म्हणलंय का, रत्ना, खड्डा ऱ्हाऊ दे? म्हणलं असतं तर बघितलं असतं." हे ती खांबाकडं बघून म्हणाली. खांबानं काही उत्तर दिलं नाही.

घरी आल्यावर शालनबाई चुलीपुढं बसल्या, पण चूल पेटवली नाही.

"बांध कोणी घातला?" त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"अहो!"

"मीच घातला," बापूराव म्हणाले. "तुमीच म्हणालात. आपल्या रानाचं पाणी तिच्या खड्ड्यात फुकट कशाला जाऊ द्यायचं, म्हणालात. करोनाचं साल होतं. कामधंदा नव्हता, म्हणून उंच झाला."

शालनबाईंनी हिशेब केला. त्याला पेटी लागली नाही. बांध आधी, बोअर नंतर. बावीस वर्षं ज्या पाण्याच्या चोराशी त्या बोलत नव्हत्या, तो रोज त्यांच्याबरोबर चहा घेत होता, आणि चोरीचा हुकूम त्यांचाच होता.

संध्याकाळी नाझनीन येऊन एक कागद देऊन गेल्या. कायदा शालनबाईंच्या बाजूनं होता. पाणी मुरण्याची जागा बुजवण्याविरुद्ध विहिरीच्या मालकानं नमुना अकरा भरला, की टिपर तिथल्या तिथं थांबणार. वरून पोलीस. नाही भरला, तर दोन उन्हाळ्यांत विहिरीचा तळ दिसणार, हेही त्यांनी सांगितलं. "आणि खाणीच्या पलीकडं, त्यांच्याच रानात, सगळा कातळ आहे काकू. तिथं थेंब मुरत नाही. गाड्या लावायला सोन्यासारखी जागा. फक्त हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं."

"तुमी सांगा की."

"माझं काम पाण्याशी बोलायचं," नाझनीन म्हणाल्या.

बापूरावांनी चष्मा लावून नमुना भरायला घेतला. नाव, गट नंबर, विहिरीची खोली. नवव्या रकान्यापाशी ते थांबले.

"काय झालं?"

"'संबंधित शेजाऱ्याशी समक्ष बोलणं झालं आहे काय? हो किंवा नाही.' नाही लिहिलं तर अर्ज परत येतो, असं बारीक अक्षरात हाय."

"मग हो लिवा."

बापूरावांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "तुमी रत्नाशी बोललात, हे कुणाला खरं वाटंल? सगळ्या तालुक्यात ठाऊक हाय. तहसीलदार हसंल."

हे मात्र खरं होतं. बावीस वर्षांचा अबोला शालनबाईंनी विहिरीइतकाच निगुतीनं सांभाळला होता, आणि त्याची कीर्तीही विहिरीइतकीच होती. विज्ञानानं वर्षानुवर्षं खपून जे उत्तर शोधलं, ते एका रकान्यापाशी येऊन बसलं.

रविवारी सकाळी शालनबाईंनी बापूरावांच्या हातात कुदळ दिली. "बांध फोडा," म्हणाल्या. त्यांनी कुठला, असं विचारलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी दोन हात रुंद वाट पाडली. रत्नमाला तिच्या अंगणातून बघत होती, पण आपण मिरच्या वाळत घालतोय असं तिनं दाखवलं. तिच्या घरात वाळवायला मिरच्या नव्हत्या, म्हणून तिनं कालच्याच पुन्हा घातल्या.

शालनबाई दिवसभर बोलणं जुळवत होत्या. पहिलं वाक्य 'माझी चूक झाली' असं होतं. ते मोठ्यानं म्हणून बघितलं तेव्हा गाय दचकली. दुसरं 'सासूबाईंची आठवण ठेवून' असं सुरू होई आणि पुढं जात नसे. तिसऱ्यात एक्याऐंशी टक्के होते. रात्रीच्या भाकरीबरोबर दही नव्हतं.

सोमवारी साडेआठला चार टिपर आले. पहिला खाणीच्या काठाशी मागं घेऊन उभा राहिला, नुसता हुंकारत. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून रत्नमालेच्या खुणेची वाट बघत होता. कुणी न बोलावता गाव जमलं होतं. सरपंच होते. दोन टक्क्यांपासून ते पाण्याच्या प्रत्येक बाबतीत हजर राहत. नाझनीन पेटी घेऊन कडेला उभ्या होत्या, जणू पुढं जे होईल त्याचाही नमुना घ्यायचा आहे.

शालनबाई बांधाच्या फुटलेल्या जागेतून आल्या. इरकल नव्हतं, घरचंच लुगडं. एक हात पदराखाली. बावीस वर्षांत त्यांनी या जमिनीवर स्वयंपाकाखेरीज पाऊल ठेवलं नव्हतं. त्या थेट रत्नमालेच्या अंगणात गेल्या आणि तिच्यापासून चार हातांवर उभ्या राहिल्या. दोघींचे केस पांढरे झाले होते. हे दोघींनी बहुधा त्याच क्षणी इतक्या जवळून पाहिलं.

शालनबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. टिपर गुरगुरत होता. लोकांनी माना पुढं केल्या.

"ओ ड्रायव्हर!" रत्नमाला ओरडली. "बंद करा ते! अक्का बोलत्यात."

पहिला टिपर बंद झाला. मग मागचे तिन्ही. इतकी शांतता झाली की खाणीतला एक बेडूक पाण्यात उतरलेला ऐकू आला. सरपंचांनी मोबाईल वर धरला. बापूरावांनी खोकला दाबला.

शालनबाईंनी घसा साफ केला. मग पदराखालचा हात बाहेर काढला. हातात रिकामी वाटी होती.

"रत्ना," त्या म्हणाल्या, "चमचाभर विरजण दे गं."